उतारवयातील श्रवणऱ्हास

वयोमानानुसार दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता हळूहळू, साधारण सारख्याच प्रमाणात कमी होत जाते, याला उतारवयातील श्रवणऱ्हास म्हणतात. वैद्यकातले नाव प्रेसबायक्यूसिस. घरात मात्र 'बाबांना हल्ली जरा कमी ऐकू येतं' एवढेच म्हणतात, आणि ते 'बहिरे' म्हणण्यापेक्षा अचूक आहे. आवाज या माणसांपर्यंत पोचतो, शब्द पोचत नाहीत. 'ऐकू येतंय, पण कळत नाहीये' ही या अवस्थेची नेमकी तक्रार. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या आणि भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या व्यक्तींचा प्रश्न वेगळा आहे. इथे आयुष्यभर कानांनी जगलेल्या माणसाचा कान मध्येच साथ सोडू लागतो, आणि त्याला खुणांची भाषा येत नसते.

कारण आतल्या कानात असते. शंखाच्या आकाराच्या कर्णशंखात प्रत्येक बाजूला सुमारे १५ ते १६ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या आवाजाच्या कंपनांचे मज्जातंतूंसाठी विद्युतसंदेशात रूपांतर करतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि झीज तिथूनच सुरू होते. आनुवंशिकता, मधुमेह, कानाला अपाय करणारी काही औषधे आणि गोंगाट यांनी ती वाढते. यंत्रमागाच्या खोलीतला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे इचलकरंजी-भिवंडीसारख्या गावांत मागावर आयुष्य काढलेल्यांचे कान वयाच्या आधीच म्हातारे होतात.

उंच पट्टी गेल्याने भाषेचे काय होते, हे समजले की निम्मे गैरसमज मिटतात. बोलण्यातला दणका स्वरांत असतो आणि स्वर बऱ्याच अंशी खालच्या पट्टीत असतात. अर्थ वेगळा करण्याचे काम बव्हंशी व्यंजने करतात, आणि 'स', 'श', 'ट', 'क' ही व्यंजने दुबळी व उंच पट्टीची. त्यामुळे 'आ' खणखणीत ऐकू येतो. पण त्याच्या मागेपुढे 'स' होता की 'त' की 'ठ', हे विरून जाते. मराठीत याचा सर्वांत मोठा फटका आकड्यांना बसतो. 'सात', 'साठ' आणि 'आठ' हे अशा कानाला जवळजवळ एकच. गोळी 'सातला' घ्यायची की 'आठला', भाडे 'साठ' की 'सात', यावरून घरोघरी होणारे वाद विसराळूपणाच्या नावावर खपतात. नातवंडांचे बोलणे सर्वांत कमी कळते, तेही याचमुळे: आवाज बारीक, वेग जास्त.

सोबत आणखी एक विचित्र गोष्ट घडते. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो. ऐकू येणे आणि सहन न होणे यांतले अंतर आक्रसते. आजीला दोनदा सांगून कळले नाही म्हणून तिसऱ्यांदा ओरडले, की ती म्हणते, 'ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?' हा तिचा तिरसटपणा नव्हे, तिच्या केसपेशींचा हिशोब आहे. शिवाय ओरडताना आपण स्वरच ताणतो. व्यंजने होती तितकीच दुबळी राहतात, तोंडाचा आकार बिघडतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. कानीकपाळी ओरडण्याचा इथे शब्दशः काही उपयोग नाही.

ऱ्हासाचे मोजमाप डेसिबलमध्ये होते. हे एकक ज्यांच्या नावावरून आले त्या टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आईला कमी ऐकू येई. बाकीचे लोक तिच्या कानातल्या नळीत बोलत, बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट आवाजात बोलत. शांत खोलीत हेडफोन लावून केलेल्या तपासणीत (ऑडिओमेट्री) प्रत्येक पट्टीला किती आवाज लागतो, हे आलेखावर मांडले जाते. या आजारात आलेखाची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीला, बरी असते आणि उजवीकडे, उंच पट्टीला, घाट उतरावा तशी खाली येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात २० डेसिबलपासून सौम्य आणि ३५ पासून मध्यम ऱ्हास धरला आहे. भारताचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मात्र दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्यांना कमी ऐकू येणारे आणि ७० पासून पुढे बहिरे मानतो. चाळीस-पन्नास डेसिबल गमावलेले असंख्य आजी-आजोबा त्यामुळे कायद्याच्या लेखी धडधाकटच ठरतात, जरी त्यांना पंगतीतले एक वाक्य धड कळत नसले तरी.

या ऱ्हासाचे खरे नुकसान कानाबाहेर होते. दोन-तीनदा 'काय?' विचारल्यावर समोरचा 'जाऊ दे, काही नाही' म्हणतो. हे वाक्य किती जिव्हारी लागते, ते ऐकणाऱ्यालाच ठाऊक. मग माणूस न कळताही मान डोलावू लागतो, दुसरे हसले की हसतो, पुढे लग्नकार्याला जाणेच टाळतो. सतत अंदाज बांधून ऐकण्याचा शीणही मोठा. संध्याकाळपर्यंत असा माणूस थकलेला असतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींच्या यादीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून श्रवणऱ्हासाला स्थान दिले आहे. याचा अर्थ कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो असा नाही.

संवादाचा गाभा चेहऱ्यात आहे. 'पाट', 'ताट' आणि 'काठ' अशा कानाला सारखे वाटतात. पण 'प' म्हणताना ओठ मिटतात, 'त' ला जीभ दातांशी दिसते, 'क' ला यांतले काहीच नाही. उलट 'पान', 'बाण' आणि 'मान' ओठांवर हुबेहूब एक. आरशासमोर 'मामा' आणि 'बाबा' आवाज न काढता म्हणून पाहावे, फरक दिसत नाही. मात्र 'म' चा अनुनासिक घुमारा खालच्या पट्टीचा असल्याने तो कमजोर कानालाही बऱ्यापैकी पोचतो. म्हणजे कानाला हरवलेले पुष्कळसे ओठांवर सापडते आणि ओठांवर न दिसणारे कान सांभाळून घेतो. केवळ ओष्ठवाचनावर संभाषण चालत नाही, पण जोडीला घेतले तर ते फार मोठे काम करते. कोविडच्या काळात मास्क आले तेव्हा अनेकांना आपल्याला किती कमी ऐकू येते, हे प्रथमच उमगले.

म्हणून आधी नावाने हाक मारावी किंवा हाताला स्पर्श करावा, मान वळली की मगच बोलावे. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. मराठी घराची अडचण अशी की ओटा बहुधा भिंतीला असतो: बोलणारी व्यक्ती पाठमोरी, वर नळ, कुकर आणि मिक्सर. तिथून 'भाकरी टाकू का?' विचारले आणि उत्तर आले नाही, तर दोष कुणाचाच नाही. चार पावले बाहेर येऊन विचारणे, एवढाच उपाय. टीव्ही बंद करावा, किमान बोलण्यापुरता. वेग थोडा कमी ठेवावा, पण शब्द तोडून बोलू नये. लहान मुलाशी बोलल्यासारखे तर मुळीच नाही.

एकदा कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणावे, दुसऱ्यांदाही अडले तर शब्द बदलावेत. 'गुरुवारी दाखवायला जायचंय' न कळल्यास 'परवा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे' हे चटकन कळते, कारण विषय हाती लागला की मेंदू गाळलेल्या जागा स्वतः भरतो. आकडा फोडून सांगावा: 'साठ, सहावर शून्य'. औषधाची वेळ आणि पैशांचा व्यवहार कागदावर लिहून दिलेलाच बरा. मंगल कार्यालयात फरशी-भिंतींवरून आवाज घुमतो आणि पंगतीत शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तिथे लाउडस्पीकरपासून लांब, भिंतीकडे पाठ करून समोरासमोर बसण्याची जागा द्यावी. ऐकणाऱ्यानेही नुसते 'काय?' न म्हणता 'मुंबईला जायचंय, पण कधी म्हणालास?' असे विचारले, तर सांगणाऱ्याला एकच शब्द पुन्हा म्हणावा लागतो.

कानातले मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, चष्म्यासारखे काम करत नाही. घातल्या दिवशीच पंख्याची घरघर, ताटल्यांचा खणखणाट आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, कारण मेंदूला हे आवाज ऐकण्याची सवय उरलेली नसते. रोज काही तास, आधी शांत घरात, मग बाहेर, असे काही आठवडे वापरल्यावर ते जमते. डब्यात पडून राहिलेली यंत्रे बहुतेक पहिल्या आठवड्यातच तिथे गेलेली असतात. श्रवणतज्ज्ञाकडे पुन्हा जाऊन जुळवणी करून घेणे हा खरेदीचाच भाग समजावा. कोकणातल्या पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. यंत्रात घालायच्या झिंक-एअर सेलवरचे चिकटपट्टीचे झाकण काढले की तो हवेने सुरू होतो, पट्टी परत लावून फारसे काही वाचत नाही.

कानात तेल घालून हा ऱ्हास भरून येत नाही आणि पडदा फाटलेला असेल तर ते धोक्याचे ठरते. मळ साचून दडे बसले असतील तर ते डॉक्टर साफ करतात. एका कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले, तर तो वयाचा परिणाम समजून थांबू नये. उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची शक्यता अधिक असते.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तपासणी, यंत्रांची जुळवणी आणि श्रवणतज्ज्ञांचे प्रशिक्षण ही कामे करते. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रे मोफत मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये दिले जातात. दोन्ही कानांच्या चांगल्या डिजिटल यंत्रांना ते पुरत नाहीत.