लेझर कटिंगला फाइल पाठवताय? आधी ट्रिम तपासा

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लेझर कटिंगच्या शेडमध्ये सकाळचा पहिला फोन बहुतेक याच प्रश्नाचा असतो. "काल दुपारी फाइल टाकली होती, जॉब अजून मशीनवर का नाही लागला?" उत्तरही बहुतेक वेळा तेच असतं. आउटलाइन बंद नव्हती, म्हणजे तिची टोकं एकमेकांना जुळलेली नव्हती. कुठे कोपऱ्यात लाइन पुढे गेलेली, तर कुठे आर्कचा नको असलेला तुकडा आत तसाच राहिलेला. एवढ्याशा गोष्टीपायी तुमचा जॉब रांगेत मागे पडतो आणि तुमची डिलिव्हरी चुकते.

ऑटोकॅड तुमच्या रोजच्या हाताखालचं आहे, त्यामुळे ट्रिम म्हणजे जास्तीची लाइन छाटणं, हे वेगळं सांगत बसत नाही. ट्रिम करायची राहिलेली लाइन मशीनला कशी दिसते, हे मात्र सांगायला हवं. दोन मिलिमीटर पुढे आलेली लाइन प्रिंटवर कोणी मनावर घेत नाही, फॅब्रिकेटर समजून घेतो. मशीन समजून घेत नाही. ती लाइन जॉबच्या आत शिरली असेल, तर तिथे दोन मिलिमीटरची चीर पडते.

दुसरी गोष्ट कापाच्या रुंदीची. आमच्या मशीनवर 3 मिमी एमएसला (माइल्ड स्टीलला) लेझरचा काप साधारण 0.2 मिमी रुंद पडतो. माप बरोबर यावं म्हणून मशीनचं सॉफ्टवेअर काप निम्म्या रुंदीने बाजूला सरकवतं. बाहेरच्या आउटलाइनला बाहेर, भोकाला आत. पण आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, हे त्याला आउटलाइन बंद असेल तरच कळतं. उघडी असेल तर ते सरळ लाइनवरून कापत जातं.

सगळ्यात जास्त घोळ स्लॉटमध्ये होतो. समजा 12 मिमी रुंदीचा स्लॉट, म्हणजे दोन्ही टोकांना गोल असलेलं लांबट भोक आहे. दोन सर्कल काढली, त्यांना दोन लाइन जोडल्या आणि आतल्या बाजूच्या दोन अर्ध्या आर्क ट्रिम करायच्या राहिल्या. स्क्रीनवर स्लॉट दिसतो. सॉफ्टवेअरला मात्र दोन पूर्ण भोकं आणि दोन सुट्या लाइन दिसतात. भोकं 12 मिमीची बरोबर कापली जातात, मधला भाग 12.2 होतो. लाइन आणि गोलाई जिथे मिळतात तिथे बोट फिरवून पाहा, पायरी हाताला लागते. बोल्ट त्यातून सरकवायचा असेल तर तो तिथेच अडखळतो.

स्लॉटच्या लाइन सर्कलच्या क्वाड्रंटलाच (वर, खाली, डावी-उजवीकडच्या टोकाच्या बिंदूला) स्नॅप करा. नजरेने टेकवलेली लाइन कधी सर्कलच्या किंचित आत जाते, मग ट्रिम केल्यावर आर्कची बारीक कपची मागे उरते. कधी ती टेकतच नाही, आणि ट्रिम हवं तिथे होत नाही. स्क्रीनवर सर्कल तुकड्या-तुकड्याचं दिसत असेल तर आरई (रीजेन, म्हणजे चित्र ताजं करायची कमांड) टाइप करून एंटर मारा, मग झूम करून पाहा. सरळ कोपऱ्यासाठी ट्रिमपेक्षा फिलेट (दोन लाइन कोपऱ्यात जोडणारी कमांड) बरं. रेडियस शून्य ठेवून दोन्ही लाइन निवडल्या, की जास्तीची कापली जाते, कमी पडलेली वाढते आणि कोपरा जुळतो.

ऑटोकॅड 2021 पासून ट्रिमची सवय बदलावी लागते, आणि इथेच जुने ड्राफ्ट्समन अडकतात. पूर्वी टीआर (ट्रिमचा शॉर्टकट), एंटर, पुन्हा एंटर असा हात बसलेला होता. आता दुसऱ्या एंटरला कमांडच बंद होते, कारण आजूबाजूच्या सगळ्या लाइन आधीपासूनच कापण्याची हद्द म्हणून धरलेल्या असतात. काम पटकन होतं, पण धोकाही आहे. जी लाइन कशालाच छेदत नाही, ती या पद्धतीत अख्खी डिलीट होते. माउस ओढत भराभर ट्रिम करताना वाटेत बोल्टचं भोक आलं तर तेही जातं. काम झाल्यावर भोकं मोजा. जुनीच पद्धत हवी असेल तर ट्रिमएक्सटेंडमोड हे सेटिंग शून्य करा.

फाइल पाठवण्याआधी आउटलाइनच्या आत हॅच मारून (आतला भाग रेघांनी भरून) बघा. कुठे फट असेल तर हॅच बसत नाही आणि उघड्या टोकांवर लाल गोल दिसतात. तपासून झालं की हॅच काढून टाका. एकावर एक बसलेल्या लाइन हॅचमध्ये सापडत नाहीत, त्यासाठी डुप्लिकेट लाइन काढणारी ओव्हरकिल कमांड चालवा. नाहीतर त्याच जागी दोनदा काप जातो आणि कड जळते.

"तुम्हीच ट्रिम करून घ्या की, दोन मिनिटांचं तर काम," असं पुष्कळ जण म्हणतात. सुरुवातीला आम्ही करतही होतो. एका ब्रॅकेटच्या फाइलमध्ये कोपऱ्यांत चार-चार मिलिमीटरच्या लाइन आत आलेल्या होत्या. चुकून राहिल्या असतील, असं समजून आम्ही त्या काढल्या. खरं तर ते बेंडिंगसाठी, वाकवताना कोपरा फाटू नये म्हणून मुद्दाम ठेवलेले रिलीफ कट होते. प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) वाकवताना कोपरे फाटले आणि सगळे पीस भंगारात गेले. माल आम्ही स्वखर्चाने पुन्हा करून दिला, पण ग्राहकाचे चार दिवस गेले ते गेलेच. तुमच्या ड्रॉइंगमधली कुठली लाइन चुकीची आणि कुठली मुद्दाम काढलेली, हे तुम्हालाच माहीत. म्हणून विचारल्याशिवाय आम्ही एकही लाइन काढत नाही. शंका आली की जागेवर खूण करून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

फाइल आमच्याकडूनच साफ करून हवी असेल तर तसं ऑर्डरसोबत लिहा. त्याचा चार्ज वेगळा, पण कापण्याआधी साफ केलेली फाइल तुमच्या मंजुरीसाठी येईल. बेंडिंगही आमच्याकडेच करून घेणार असाल तर रिलीफ किती ठेवायचा तेही आम्ही सुचवतो, त्याचे पैसे घेत नाही. तुमच्याकडे ड्रॉइंग करणारा मुलगा नवीन असेल तर त्याला लॅपटॉप घेऊन दुपारी तीननंतर पाठवा. त्याचीच फाइल आमच्या ऑपरेटरशेजारी बसून मशीनच्या स्क्रीनवर बघता येईल. गुरुवारी शेड बंद असते.