वांड पिल्लू (मांजराचे)

वांड पिल्लू : घरातच ठेवलेल्या, साधारण दोन ते नऊ महिने वयाच्या मांजराच्या पिल्लाची अनावर अवस्था व ती निभावून नेण्याच्या रीती. चालत्या पायांवर झडप घालणे, हात चावणे, पडद्यावर चढणे, पहाटे घरभर सुसाट धावणे ही ठळक लक्षणे. सोलापूर परिसरात अशा पिल्लाला ‘वांड’ म्हणतात. न आवरणाऱ्या बैलाला आणि खोडकर पोरालाही हाच शब्द लागतो. शब्दात तक्रार असली, तरी निरोगी पिल्लाचे या वयातील असे वागणे हा आजार नव्हे आणि दुष्टपणा तर नव्हेच.

शब्दविचार : ‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’पासून प्राकृतमार्गे आला. त्याचा संबंध ‘मृज्’ (पुसणे, स्वच्छ करणे) या धातूशी जोडतात. सतत अंग चाटून साफ ठेवणारा प्राणी, असा त्याचा अर्थ. ‘पिल्लू’ शब्दाचे मूळ अधिक वादाचे आहे. तमिळ ‘पिळ्ळै’, तेलुगू ‘पिल्ल’ (लेकरू) या शब्दांमुळे तो द्राविडी भाषांतून मराठीत आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली वस्ती मोठी असल्याने येथे आणखी एक गुंता होतो : तेलुगूत मांजरालाच ‘पिल्लि’ म्हणतात. ‘पिल्ल’ आणि ‘पिल्लि’ यांना केवळ ध्वनिसाम्यावरून एकत्र बांधणे मात्र धोक्याचे आहे. हाच सावधपणा मराठी ‘बोका’ आणि कन्नड ‘बेक्कु’ (मांजर) या जोडीबाबत बाळगावा लागतो. शेजारीपाजारी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाणाऱ्या वाड्यात एकाच पिल्लाला मनी, पिल्लि, बेक्कु आणि बिल्ली अशा चारही हाका ऐकू येतात. पिल्लू शब्दापेक्षा हाक मारणाऱ्याचा सूर आणि वेळ ओळखते, त्यामुळे यातून त्याचा गोंधळ उडत नाही.

मूळ : पाळीव मांजर हे पश्चिम आशियातील रानटी मांजराच्या वंशातले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे मानले जातात. भारतीय उपखंडातील पुरावा विरळ आहे. सिंधू संस्कृतीतील चान्हूदडो येथे सापडलेल्या एका विटेवर मांजराच्या आणि त्यामागून आलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. पण ते मांजर पाळलेले होते की वस्तीत वावरणारे, हे ठशांवरून ठरत नाही. दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक दिसते, कारण धान्य, उंदीर आणि मांजर ही साखळी माणसाने हेतुपूर्वक पाळण्याआधीच जुळली असावी. प्रस्तुत विषयाला यातील एवढेच महत्त्वाचे : कुत्र्याप्रमाणे मांजराची शतकानुशतके कामासाठी निवड झालेली नाही, त्यामुळे शिकारीचे सारे अंग त्याच्यात जवळजवळ जसेच्या तसे उरले आहे.

तत्त्वज्ञानात पिल्लाची दुसरीच प्रतिमा आढळते. दक्षिण भारतातील विष्णुभक्त श्रीवैष्णवांच्या तेंकलै पंथाने शरणागती समजावताना मार्जारकिशोरन्याय वापरला : माकडाचे पोर आईला घट्ट धरून राहते, मांजराचे पिल्लू मात्र काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते. निरीक्षण अचूक आहे, पण ते पहिल्या काही आठवड्यांपुरते. मानेची कातडी धरताच अंग सैल सोडण्याची ती प्रतिक्रिया वाढत्या वयात ओसरते. चार महिन्यांच्या पिल्लाला शिक्षा म्हणून मानेला धरून लोंबकळवणे घरोघर चालते. त्यात पिल्लाला वेदना आणि भय यांपलीकडे काही मिळत नाही. उचलायचेच झाल्यास एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली असावा.

वर्तन : पिल्लाचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ते माणसाला सरावते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावंडांशी झोंबाझोंबी सुरू होते आणि सातव्या-आठव्या आठवड्यापासून हलत्या वस्तूंचा पाठलाग वाढतो. चावा किती जोराचा घ्यावा, हे पिल्लू या झोंबाझोंबीतच शिकते : जास्त चावले की भावंड ओरडते आणि खेळ मोडतो. आईपासून लवकर तोडलेले एकटे पिल्लू हा धडा अर्धवट शिकून येते. फिनलंडमध्ये साडेपाच हजारांहून अधिक मांजरांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या आत तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळला. आपल्याकडे पिल्लू ‘दूध प्यायला लागले’ की महिनाभरातच देऊन टाकतात. पुढे पोटऱ्यांवर जे ओरखडे उठतात, त्यांतील बऱ्याच ओरखड्यांचे कारण या घाईत असते.

हा खेळ नेमका कशासाठी, याविषयी एकमत नाही. खेळ ही शिकारीची तालीम, हे जुने मत आजही लोकप्रिय आहे. मात्र १९८० मधील एका प्रयोगात खेळण्यांसह आणि खेळण्यांविना वाढवलेल्या पिल्लांच्या पुढील शिकारकौशल्यात फरक दिसला नाही. जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांच्या मते टपणे, दबा धरणे, झडप, पकड आणि मारक चावा या प्रत्येक क्रियेची स्वतंत्र ओढ असते आणि ती भुकेवर अवलंबून नसते. ब्रिटिश संशोधक जॉन ब्रॅडशॉ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रौढ मांजरांवर केलेल्या प्रयोगांत मात्र भुकेल्या मांजरांचा खेळ वाढला. २००२ मध्ये त्यांना असेही दिसले की त्याच खेळण्याचा कंटाळा झटकन येतो आणि खेळणे बदलताच जोर परततो. दोन्ही मते पूर्णपणे परस्परविरोधी नाहीत. घरातल्या माणसासाठी ब्रॅडशॉ यांची निरीक्षणे अधिक कामाची आहेत : पिल्लू खेळून दमले नसून त्याच चेंडूला विटले आहे, हे ओळखता आले की अर्धा त्रास कमी होतो.

खेळवण्याची रीत : काठीला कापडाची रुंद पट्टी बांधून ती सावजासारखी पिल्लापासून दूर न्यावी, दाराआड लपवावी, मध्येच थांबवावी. तोंडासमोर वस्तू नाचवू नये. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी ५ ते १० मिनिटे पुरतात. शेवटी सावज त्याच्या पंजात येऊ द्यावे आणि लगेच खायला द्यावे. शिकार, जेवण, अंग चाटणे, झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. हात हे खेळणे कधीच करू नये. पिल्लू चावले की हात झटकल्यास ते पळते सावज समजून अधिक घट्ट धरते. हात सैल सोडून स्थिर ठेवावा, पकड सुटली की उठून जावे. मारणे, पाणी फेकणे, काळोख्या खोलीत कोंडणे यांनी पिल्लू माणसाला भ्यायला लागते, चावणे तसेच राहते. साडेतीन ते सहा महिन्यांत दुधाचे २६ दात जाऊन कायमचे ३० येतात. त्या काळात चावणे वाढते, हे घरात सर्वांना माहीत असावे. नखांसाठी गोणपाट गुंडाळलेली, न डगमगणारी उंच फळी पुरेशी असते.

सोलापुरी घर : जुन्या माळवदाच्या घरांत कोनाडे, फडताळे आणि जाड भिंती असल्याने पिल्लाला चढायला, लपायला जागा मिळते, झरोक्याला जाळी तेवढी हवी. कुंभारी येथील विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणच्या आटोपशीर घरांत जमिनीवरची जागा अपुरी पडते. तेथे उंचीचा उपयोग करावा : कपाटावर दुमडलेली जाड सोलापुरी चादर आणि तेथवर जाणाऱ्या दोन फळ्या.

सोलापूरचे खरे वेगळेपण घरातल्या धोक्यांत आहे. यंत्रमाग, हातमाग, शिलाई आणि विडी या उद्योगांमुळे येथे घरोघर दोरा असतो. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळतच जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या आतड्याकडील तोंडाशी अडकले की आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि कापले जाऊ शकते. खेळकर पिल्लू अचानक उलट्या करू लागले, खाणे सोडून कोपऱ्यात बसले, तर दोऱ्याची शंका घ्यावी. तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबणारा दोरा ओढू नये, पिल्लू तशाच अवस्थेत पशुवैद्याकडे न्यावे. विडी वळणाऱ्या घरात दुसरी काळजी तंबाखूची. सुपातील तंबाखू पिल्लाच्या पायांना लागतो, ते पाय चाटते आणि निकोटीन पोटात जाते; लाळ गळणे, उलटी, थरथर, झटके ही लक्षणे त्वरित उपचार मागतात. सूप मांडीवर असताना पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि उठताना दोऱ्याचे रीळ झाकणाच्या डब्यात टाकावे. मायमाउल्यांच्या रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, तरीही याला पर्याय नाही.

नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने शहरात हौद, पिंपे आणि टाक्या भरून ठेवतात. काठावर तोल गेलेल्या पिल्लाला गुळगुळीत पिंपातून वर येता येत नाही, झाकण हवेच. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे असताना पिल्लू दिवसभर फरशीवर पसरते आणि सारी ताकद रात्री काढते. तेव्हा मोठा खेळ अंधार पडल्यावर, झोपण्याआधी घ्यावा. खेळताना ते तोंड उघडून धापा टाकू लागले, तर थांबवून गारव्यात न्यावे.

आहार : दूध-भाकरीवर वाढवलेले पिल्लू पोट भरूनही उपाशी असते. टॉरिन हे पोषकद्रव्य मांजराला मांसातूनच मिळते. त्याच्या कमतरतेने दृष्टी आणि हृदय बिघडते. गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना हगवण लागते. शाकाहारी घरात मांजरांसाठीचे तयार संपूर्ण खाद्य हा सोयीचा मार्ग. भाकरी कुस्करून त्यावर शेंगा चटणी भुरभुरण्याची सवय घातक आहे, कारण चटणीतील लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. इंग्लंडमध्ये घराबाहेर शिकार करणाऱ्या मांजरांवरील २०२१ च्या अभ्यासात मांसप्रधान आहाराने घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी, तर रोजच्या ५ ते १० मिनिटांच्या खेळाने २५ टक्क्यांनी घटली. शिकारीची ओढ पोषणाने आणि खेळाने शमते, याला हा भक्कम आधार आहे.

वैद्यक : तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. लस न दिलेल्या पिल्लाचा चावा किंवा ओरखडा साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन माणसाने डॉक्टरांना दाखवावा. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास मादी माजावर येऊन रात्रभर ओरडू शकते, नर भिंतीवर मूत्र फवारू लागतो. हा वांडपणा नसून वयात येणे आहे आणि नसबंदीने हे ओरडणे-फवारणे बहुतांशी थांबते.

रानपिल्ले : जिल्ह्यात ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेली पिल्ले कधी कधी घरी आणली जातात. ती रानमांजराची किंवा वाघाटीची (अंगावर ठिपके असलेले छोटे रानटी मांजर) असू शकतात. अशी पिल्ले फिस्कारतात, अंधारात दडतात आणि कितीही लाड केले तरी माणसाळत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पाळता येत नाही. फडातील माणसे दूर झाल्यावर आई बहुधा अंधार पडल्यावर परत येते; म्हणून पिल्ले जागची हलवू नयेत आणि वनविभागाला कळवावे.