अमेरिकेतल्या कॉलेजांत मराठी पोचलं कसं

शिकागो युनिव्हर्सिटीत किंवा फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मराठी शिकवतात हे ऐकलं की आपल्याला बरं वाटतं, आपली ज्ञानेश्वरी, आपले संत तिथवर गेले म्हणून. गेलेच आहेत, पण मराठीचे वर्ग नुसत्या संतांमुळे उभे राहिले नाहीत, त्यामागे रशियाचा उपग्रह आहे आणि आपल्या रेशनच्या दुकानावरचा गहू आहे, आणि हे आपल्यापैकी फार कमी लोकांना माहीत असतं.

तसे अमेरिकन लोक मराठीत खूप आधीपासून होते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आलं, पुढे नगरला रुजलं. त्यातल्याच जस्टिन ॲबट यांनी उतारवयात तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांची चरित्रं आणि अभंग इंग्रजीत नेले. पण हे मिशनऱ्यांचं काम. अमेरिकेतल्या कॉलेजांत भारत म्हणजे संस्कृत, ते पण ग्रंथातलं, आज जिवंत असलेली, बाजारात बोलली जाणारी भाषा कॉलेजात शिकायची असते हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाने ते बदललं. ज्या देशांत सैनिक पाठवायचे तिथली भाषा येणारी माणसंच मिळेनात, मग १९४३ पासून अमेरिकन लष्कराने कॉलेजांतच झटपट भाषावर्ग लावले, वर्गात ती मातृभाषा असलेला माणूस बसवायचा आणि त्याच्यामागून वाक्यं घोकायची, व्याकरण नंतर. युद्ध संपलं पण ही पद्धत राहिली. नॉर्मन ब्राउन या संस्कृतच्या प्राध्यापकांनी पेनसिल्व्हेनियाला दक्षिण आशियाचा स्वतंत्र विभाग काढला. इकडे पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या पैशावर भाषाशास्त्राचे उन्हाळी वर्ग भरायला लागले, अमेरिकन आणि भारतीय भाषाशास्त्रज्ञ एकत्र शिकवायचे.

मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह वर गेला आणि अमेरिका हादरली. आपण मागे पडलो ही भीती एवढी की वर्षभरात, सप्टेंबर १९५८ मध्ये, राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा पास झाला. नावातच संरक्षण आहे बघा. त्याच्या सहाव्या भागात परक्या भाषा आणि तिथला समाज शिकवणाऱ्या केंद्रांना पैसे, विद्यार्थ्यांना फेलोशिप. हिंदी, बंगाली, तमिळ यांच्याबरोबर मराठीलाही त्यात जागा मिळाली.

भाषा शिकायची तर पुस्तकं लागतात, ती आली गव्हातून. पीएल-४८० हा अमेरिकेचा १९५४ चा कायदा, त्याखाली अमेरिकेचं धान्य आपल्याकडे यायचं. या धान्याचे पैसे आपण डॉलरमध्ये नाही, रुपयांत भरायचो, आणि ते रुपये अमेरिकेला घरी नेता येत नव्हते, खर्च इथेच करायचे. त्या साठलेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाने, १९६२ पासून दिल्लीत ऑफिस थाटून भारतभरची पुस्तकं घ्यायला सुरुवात केली, मराठी पण, आणि प्रती थेट तिकडच्या विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांत जायला लागल्या. आपल्याकडे रद्दीत गेलेली पुस्तकं शिकागोच्या कपाटात सापडतात त्याचं मोठं कारण हे आहे. १९६१ ला सुरू झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या भारत-अभ्यासाच्या अमेरिकन संस्थेचं मुख्यालय पण सुरुवातीला पुण्यात डेक्कन कॉलेजातच होतं.

सरकारचा हेतू काहीही असो, जी मुलं या वाटेने आली ती कुठे पोचली बघा. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनियाला १९६९ साली पीएचडी केली ती डॉ. आंबेडकर आणि महार समाजाच्या चळवळीवर, आपल्या विद्यापीठांत तेव्हा त्या विषयाला फारसं कोणी हात लावत नव्हतं. नंतर त्या मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवायला लागल्या. त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी गेल ऑम्वेट, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातून १९७३ साली सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात कायमच्या राहिल्या.

मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकन, त्या फलटणला आल्या, तिथले लोक मराठी कसं कसं बोलतात यावर त्यांनी पीएचडी केली. प्रमाण मराठी नाही, फलटणच्या गल्लीत बोलतात ते! मग जाई निंबकर यांच्याबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि छोटा शब्दकोश तयार केला. जाई निंबकर म्हणजे डेक्कन कॉलेजात आयुष्यभर समाज आणि नातेव्यवस्था शिकवणाऱ्या इरावती कर्व्यांची मुलगी. बर्नसन भारताच्या नागरिक झाल्या, फलटणमध्ये त्यांनी शाळा काढली, कारण बोलीत वाढलेलं पोर पहिलीच्या पुस्तकापुढे अडखळतं ते का, हे त्यांना संशोधनातून कळलं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुसरा धागा तिकडच्या विद्यार्थ्यांचा, तो मराठीसाठी नव्हता, पण आपलं ते कॉलेजात शिकवा या मागणीचा होता. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा संप झाला, कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई, मूळनिवासी मुलांची मागणी होती की आमचा इतिहास, आमची संस्कृती पण कॉलेजात शिकवा, आणि त्यातून एथनिक स्टडीजचा स्वतंत्र विभाग निघाला. बर्कलेतही त्याच हिवाळ्यात संप झाला. परदेशी भाषा शिकवायला पैसा वरून आला होता, हे मात्र मुलांनी भांडून घेतलं.

आज त्या देशात मराठी शिकणाऱ्यांत मराठी घरातलीच मुलं खूप, तिकडच्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा रविवारी भरतात त्या त्यांच्यासाठी. आणि पुण्यात त्या अमेरिकन इन्स्टिट्यूटचे मराठी वर्ग अजून चालतात, कोणाला वारीवर काम करायचं असतं, कोणाला मोडी कागदपत्रांवर, कोणाला दलित कवितेवर.