कॅराव्हॅन पार्कच्या फाटकावर गाडीचं साल का विचारतात?

कॅराव्हॅन म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेलं गाडीतलं फिरतं घर आणि ते मुक्कामाला लावायची जागा म्हणजे कॅराव्हॅन पार्क. अमेरिकेतल्या बऱ्याच खासगी कॅराव्हॅन पार्कांत जागा मागायला फोन केला, की तारखेआधी गाडीचं साल विचारतात. दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर नकार मिळतो, नाहीतर आधी फोटो पाठवा म्हणून सांगतात. ब्रिटनमध्ये पार्कातच कायम उभ्या असणाऱ्या मोठ्या कॅराव्हॅनना अशीच मर्यादा असते. दहा, पंधरा किंवा वीस वर्षं झाली की मालकानं ती हलवायची.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडीसाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले पार्क उभारण्याची कल्पना आहे. वेरूळ, अजिंठा, पैठण, औंढा, परळी, तुळजापूर, नांदेड अशी ठिकाणं अंगाखांद्यावर असलेल्या मराठवाड्यात असे पार्क झाले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणूनच बाहेरचा हा वयाचा नियम इथं उचलून आणण्याआधी तो जन्मला कशातून, हे पाहून घ्यायला हवं.

हौसेची कॅराव्हॅन ब्रिटनमध्ये सुरू झाली. नौदलात शल्यचिकित्सक राहिलेले विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून ‘वॉन्डरर’ नावाची लाकडी घोडागाडी बांधून घेतली आणि तीत बिऱ्हाड थाटून ते थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. ही कल्पना त्यांनी जिप्सी या भटक्या लोकांच्या गाड्या पाहून उचलली होती. १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनं मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विकायला काढल्या. तोवर मुक्काम सोपा होता. शेतकऱ्याला विचारायचं आणि त्याच्या कुरणात गाडी लावायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र बदललं. घरांची टंचाई इतकी होती, की लोक कॅराव्हॅनमध्येच संसार करू लागले. १९५९ च्या एका सरकारी अहवालात असं राहणाऱ्यांची संख्या सुमारे दीड लाख धरली होती. दाटीवाटीच्या, गटारं नसलेल्या वस्त्यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९६० मध्ये कायदा आला. त्यानंतर कॅराव्हॅनचा तळ चालवायला बांधकाम-नियोजनाची परवानगी आणि वेगळा परवाना, दोन्ही लागू लागलं. आरोग्याच्या दृष्टीनं ते गरजेचंच होतं. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की गाडी उभी करायची कायदेशीर जागा मोजकी उरली आणि ज्याच्या हातात ती जागा, त्याच्या हातात नियम गेले. ज्यांच्याकडून ही कल्पना घेतली त्या जिप्सींना याचा सर्वात मोठा फटका बसला. त्यांच्यासाठी तळ उभारणं १९६८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांना बंधनकारक केलं होतं. ते बंधनही १९९४ मध्ये काढून टाकलं गेलं.

वयाचा नियम ब्रिटनमध्ये खरा रुजला तो सुट्टीच्या पार्कांत. तिथं माणूस कॅराव्हॅन विकत घेतो, पण बहुधा पार्कमालकाकडूनच. जागा त्याची होत नाही. ती ठरावीक वर्षांच्या परवान्यावर मिळते आणि दरवर्षी भाडं भरावं लागतं. मुदत संपली की तीन वाटा उरतात: पार्कमालक देईल त्या भावात त्यालाच विकणं, स्वतःच्या खर्चानं उचलून नेणं, किंवा पार्ककडूनच नवी घेऊन जागा टिकवणं. वृद्ध जोडप्यानं आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली, पडदे-भांडी लावून सजवलेली कॅराव्हॅन शेवटी मातीमोल भावात जाते. जागेवरून हलवलेल्या जुन्या कॅराव्हॅनला बाजारात किंमत राहत नाही आणि दुसरा पार्क तिला आत घेत नाही. १९८३ च्या कायद्यानं कायम राहणाऱ्यांना संरक्षण दिलं, पण सुट्टीपुरत्या जागा त्याच्या बाहेरच राहिल्या. करारातल्या अन्याय्य अटींवर तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेनं मार्गदर्शन काढलं, वाद न्यायालयांतही गेले. नियम मात्र चालूच आहे. माझ्या मते त्याचं साधं कारण हे, की गाडीचं वय ठरवणारा आणि नवी गाडी विकणारा एकच असतो.

अमेरिकेतली वाट थोडी वेगळी. १९३० च्या मंदीत नोकरी आणि घर गेलेली माणसं ट्रेलरमध्ये, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅनमध्ये, राहू लागली, तेव्हा अनेक शहरांनी ट्रेलरच्या मुक्कामाला दिवसांची मर्यादा घातली. युद्ध लागलं तसं सरकारनंच कारखान्यातल्या कामगारांसाठी हजारो ट्रेलर खरेदी केले. शांतता झाल्यावर त्याच वस्त्यांकडे पुन्हा नाक मुरडलं गेलं. आजच्या ‘दहा वर्षां’च्या नियमामागे ही जुनी भीती आहे: खंगलेली गाडी आली की ती हलत नाही, मालक भाडं थकवतो, शेजारची गिऱ्हाइकं नाराज होतात. गरीब माणूस नको, असं पाटीवर लिहिता येत नाही. साल लिहिता येतं. हे इतक्या ठामपणे म्हणायला एक कारण आहे. १९६० च्या दशकातली, घासूनपुसून चकचकीत केलेली, एअरस्ट्रीम या नावाजलेल्या कंपनीची अॅल्युमिनियमची कॅराव्हॅन आली, तर हेच पार्क सहसा आनंदानं जागा देतात. शाळेच्या जुन्या बसचं स्वतः केलेलं फिरतं घर आलं तर अडवतात. सरकारी उद्यानांतल्या तळांवर गाडीची लांबी विचारतात, साल नाही.

पार्कवाल्यांची काळजी सगळीच खोटी नाही. जुन्या कॅराव्हॅनच्या सांध्यांतून पाणी मुरतं आणि आतली लाकडी चौकट कुजते. बाहेरून ते दिसतही नाही. गॅसची रबरी नळी कडक होऊन चिरते. वायरिंग जुनं असतं आणि त्यावर नंतर एसी चढवलेला असतो. शेजारी दहा-बारा फुटांवर दुसरं कुटुंब झोपलेलं असताना आगीचा धोका हा काही बहाणा नव्हे. पण हे सगळं तपासता येतं. ओल मोजायचं यंत्र असतं, गॅसची गळती दाब लावून कळते, टायरवर तर बनवल्याचा आठवडा आणि वर्षच छापलेलं असतं. तीन वर्षांच्या दुर्लक्षित गाडीतही हे दोष सापडतात आणि पंचवीस वर्षांच्या निगुतीनं ठेवलेल्या गाडीत सापडत नाहीत.

मराठवाड्यात गाडीत मुक्काम करणं नवं नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीला, माळेगावच्या खंडोबाला, तुळजापूरला घराघरांतून जीप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली निघते. वर ताडपत्री, आत सतरंज्या, पिठाचा डबा, शेगडी. रिकाम्या रानात गाड्या उभ्या राहतात, तीन दगडांची चूल पेटते. तिथं कोणाच्या गाडीचं आरसी बुक कोणी मागत नाही. सोयी मात्र नसतात. पाणी, संडास, रात्रीचा उजेड यांवाचून सर्वात जास्त हाल बायकांचे होतात. पार्क हवेत ते याच लोकांसाठी आणि नेमक्या यांच्याच गाड्या जुन्या असतात.

शिवाय गाडीचं साल म्हणजे कशाचं साल? एसटीची एक मध्यवर्ती कार्यशाळा छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आहे. जुन्या चासीवर, म्हणजे चाकं-इंजिनाच्या सांगाड्यावर, नवी बॉडी चढवण्याचं काम एसटीनं वर्षानुवर्षं केलं आहे आणि त्या गाड्यांतून आपण सगळे फिरलो आहोत. वापरलेला टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जुनी रुग्णवाहिका घेऊन कोणी आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली, तर घराचा भाग कोरा आणि चासी पंधरा वर्षांची, अशी ती गाडी होते. आरसीवर नोंद चासीचीच राहते.

आपल्या कायद्याची मूळ चौकट या बाबतीत शहाणी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. मग आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर भरावा लागतो. वयावरून सरसकट बंदीचा प्रयोग दिल्लीत झाला. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं २०१४-१५ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि लोकांच्या संतापापुढे ते काही दिवसांत थांबवावं लागलं. तिथं निदान विषारी हवेचं कारण होतं. वेरूळच्या पायथ्याशी रात्री इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीला तेही लागू होत नाही.

एक उणीव मात्र आपल्याकडे आहे. आरटीओची तपासणी ब्रेक, दिवे, टायर, धूर यांवर भर देते. गाडीत झोपणाऱ्या माणसाला धोका असतो तो गॅसपासून, वायरिंगपासून आणि हवा खेळती नसण्यापासून. पार्क चालवणाऱ्यानं फाटकावर दहा मिनिटांत पाहता येईल अशी तपासणी ठरवावी: सिलिंडर बांधलेला आहे का, नळी कधीची आहे, आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे का, खिडकी आतून उघडते का. पर्यटन संचालनालयानं पार्कांना मान्यता देतानाच ही यादी अटींत घातली आणि सालावरून नकार द्यायला मनाई केली, तर येरमाळ्याच्या यात्रेला जाणारा टेम्पोही त्याच फाटकातून आत येईल.