एकाच अल्बमचे अनेक आवाज : ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या रेकॉर्डवरचा वाद

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची नवी रेकॉर्ड निघाली, की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, आवाज स्वच्छ झाला. दुसरा म्हणतो, जीव गेला. आता वणी, आर्वी, वरुडलाही कुरिअरने रेकॉर्ड येतात, तेव्हा हे भांडण आपल्याकडेही पोहोचलं आहे. फक्त आपल्याकडे त्यात हवामानाची भर पडते.

अल्बम मार्च १९७३ चा. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत, अॅलन पार्सन्स या ध्वनी अभियंत्याच्या हाताखाली टेपवर ध्वनिमुद्रित झालेला. पण टेप म्हणजे रेकॉर्ड नव्हे. टेपवरचा आवाज आधी लॅकरच्या, म्हणजे मऊ लेप दिलेल्या चकतीवर कोरावा लागतो, त्यावरून धातूचा साचा आणि साच्यातून प्लास्टिकची रेकॉर्ड. कोरणाऱ्याच्या हातात बरंच असतं. खर्ज जास्त ठेवला तर खाच रुंद होते आणि एका बाजूवर मावणारी मिनिटं कमी होतात. पहिल्या ब्रिटिश आवृत्तीचं कोरीव काम हॅरी मॉस यांचं होतं आणि जुने संग्राहक आजही तीच कसोटी मानतात.

आपल्याकडे कसोटी वेगळी. भारतात हा अल्बम ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यातून निघाला. ज्यांनी डमडमची रेकॉर्ड ऐकली, त्यांनी ती बहुधा एचएमव्ही फिएस्टासारख्या घरगुती प्लेअरवर ऐकली. जड पिकअप, छोटा स्पीकर. अल्बमच्या सुरुवातीची हृदयाची धडधड त्यावर अर्धीअधिक हरवायची. तीच रेकॉर्ड ज्याच्या कानात बसली आहे, त्याला नव्या आवृत्तीतला खर्ज ‘वरून घातलेला’ वाटला तर नवल नाही. तो टेपवर होताच.

मग कॅसेट आली. गावोगावच्या लाऊडस्पीकरवाल्यांनी रेकॉर्डच्या पेट्या अडगळीत टाकल्या, कित्येक भंगारात गेल्या. परदेशातही सीडीने तेच केलं. म्हणूनच २०२२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या प्रती सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा, ही मोठी बातमी ठरली.

मधल्या काळात या अल्बमच्या आवृत्त्या येत राहिल्या. १९७९ ची, मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीची, निम्म्या वेगाने कोरलेली. ती बऱ्याच जणांना जरा जास्तच चकचकीत वाटते. २००३ ची, तिसाव्या वर्षाची, जिला आजही मान आहे. २०१६ ची, जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन या ध्वनी अभियंत्यांनी मूळ टेपवरून केलेली. आणि पन्नाशीनिमित्त २०२३ ची. ‘रिइश्यू (नव्याने काढलेली आवृत्ती) कसा आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, ते यामुळे. आधी कोणता, ते विचारावं लागतं.

‘डिजिटल आलं की कळतंच’ असं छातीठोक सांगणाऱ्यांचं मात्र २०२२ मध्ये अवघड झालं. मोबाइल फिडेलिटीच्या ज्या रेकॉर्ड शुद्ध अॅनालॉग, म्हणजे आवाज कुठेही आकड्यांत न बदलता टेपवरून थेट कोरलेल्या, समजून लोक घेत होते, त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत मध्ये डिजिटल टप्पा होता, हे उघड झालं. तोवर त्याच रेकॉर्डची तोंड भरून स्तुती झाली होती. प्रकरण कोर्टात गेलं. कान खोटे नसतात, पण लेबल वाचून ऐकणारे कान वेगळंच ऐकतात, असं माझं मत.

आता आपल्याकडची भर. या अल्बमची सुरुवात अगदी हळू आवाजात आहे, त्यामुळे रेकॉर्डवरची प्रत्येक टिकटिक तिथेच उघडी पडते. जिनिंग सुरू असलेल्या गावात हवेत कापसाची बारीक लव असते. ती सुईच्या टोकाला गोळा होते आणि आवाज घोगरा होतो. कोरड्या हवेत रेकॉर्डवर स्थिर वीज साचते, ती आणखी धूळ ओढते आणि वर चटचट वाजते. मे महिन्यात बंद गाडीत पडून राहिलेलं पार्सल वाकडं निघतं, मग पियानोचा लांबवलेला सूर डोलू लागतो. यातलं काहीच रिमास्टरिंग (जुन्या टेपवरून आवाज नव्याने तयार करणं) करणाऱ्याचं पाप नाही, तरी शिव्या त्यालाच बसतात.

पहिल्या बाजूच्या शेवटाचंही असंच. क्लेअर टोरीचा तो उंच, शब्दांवाचून गायलेला आलाप नेमका आतल्या खाचांत येतो. बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला साधारण ५० सेंमी अंतर कापते, आत ते २० च्या थोडं वर उरतं. तेवढ्याच वेळेचा आवाज निम्म्याहून कमी जागेत. साधी गोल टोकाची सुई तिथे फाटका आवाज काढते, लंबगोल टोकाची बरीच सांभाळून घेते. काही हजारांची रेकॉर्ड परत पाठवण्याआधी सुई बदलून पाहिलेली बरी.

आणि दोन आवृत्त्या शेजारी लावून ऐकायच्याच असतील, तर दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावी. जी मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते. आपल्या हातात नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे कव्हरपेक्षा रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे खात्रीने सांगतात. पहिल्या ब्रिटिश रेकॉर्डवर तिथे एसएचव्हीएल ८०४ असा क्रमांक असतो, आणि त्यापुढे ए-२, बी-२.