उन्हाळी रहस्यकथावाचन (ग्रामीण विदर्भ)

उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी बाहेर पडता येत नाही त्या वेळात जुन्या गुप्तहेरकथा वाचण्याचा विदर्भातल्या खेड्यांचा प्रघात. त्याचे मूळ इथल्या उन्हात आहे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर भागांत पारा ४५ अंशांवर जातो. म्हणूनच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, पेरणीला अवकाश असतो. जेवणे आटोपली की छपरीत ओला पडदा सोडायचा, बंगईवर (झोपाळ्यावर) आडवे व्हायचे आणि पुस्तक उघडायचे. ऊन उतरेपर्यंत छोटी रहस्यकथा संपते.

या वाचनात मानाचे स्थान बाबूराव अर्नाळकरांचे (१९०६–९६). त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे तीन पिढ्यांना घरच्या माणसांसारखी ठाऊक आहेत. शेरलॉक होम्स मराठी अनुवादांतून आला. पुस्तके मिळतात ती गावच्या वाचनालयातून, नाहीतर मामाच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून. पुठ्ठ्याची बांधणी इतकी घट्ट, की ओळीची सुरुवात शिवणीत गेलेली असते.

पुष्कळदा एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. आजी, काकू चिंचा फोडत बसलेल्या असतात. प्रेताजवळ भलत्याच माणसाचा रुमाल सापडतो आणि त्यांचे हात थांबतात. वाचन प्रमाण मराठीत, तर्क मात्र वऱ्हाडीत: ‘थो पुतण्याच व्हय, पायजो!’ रहस्यकथेचा खरा आनंद या पैजेत आहे, एकट्याने वाचणाऱ्याला तो अर्धाच मिळतो. वाचकापासून एकही धागा लपवू नये, असा नियम रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली मांडला. नॉक्सचे नावही न ऐकलेली काकू नेमका हाच आग्रह धरते. खुनी शेवटच्या प्रकरणात अचानक उगवला, तर ‘हे काही बरं नाही’ म्हणून ती ते पुस्तक बाजूला ठेवते.

परक्या मुलखाची कथा इथे आपल्या शेतातून समजून घेतली जाते. होम्सच्या बास्करव्हिल प्रकरणातले इंग्लंडातल्या डार्टमूर माळरानाचे धुके लू वाहत असताना डोळ्यांपुढे आणायचे, तर हिवाळ्यात तुरीच्या फुलोऱ्यावर पडणारी धुवारी आठवावी लागते. ती शेतकऱ्याच्या घरात धास्तीचीच गोष्ट असल्याने भीती अधिकच खरी वाटते.

हातोहात फिरलेल्या पुस्तकाची शेवटची पाने आधी गळतात. तशी प्रत हाती आली, की ती कथा पूर्वी वाचलेला माणूस शोधला जातो. तो बहुधा एखादा आजोबाच असतो. रात्री अंगणात खाटा पडल्यावर त्याच्याकडून शेवट ऐकायचा. त्याला नावे नीट आठवत नाहीत, पण कुलूप बाहेरून लावलेले असताना खुनी आत कसा शिरला, हे मात्र तो हाताने कडी दाखवून सांगतो.