पळाल्यावरचा आनंद एंडॉर्फिनचा नव्हे
मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी चालणाऱ्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘घाम गाळला की एंडॉर्फिन सुटतं, म्हणून बरं वाटतं.’ हे अर्धंच खरं. रक्तात एंडॉर्फिन हे शरीरानंच बनवलेलं वेदनाशामक रसायन वाढतं, पण त्याचा रेणू मोठा. रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी तो सहसा ओलांडत नाही. २०२१ साली जर्मन संशोधकांनी ६३ जणांना पळवलं. काहींना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं नाल्ट्रेक्सोन दिलं होतं, तरी त्यांनाही तेवढंच प्रसन्न वाटलं! संशोधकांचा भर आता मेंदूत सहज शिरणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइडवर, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या गांजातल्या द्रव्यासारख्या रसायनांवर आहे. दमछाक झाली नाही म्हणजे फायदा नाही, असं समजून कितीतरी जण व्यायाम सोडतात, याचं वाईट वाटतं. झपझप चालण्यानंही मन हलकं होतं. नैराश्याची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.